दुजोरा

एसटीतून पाय खाली ठेवला आणि ग्रामपंचायतीचा कर्णा कोकलायला लागला.

“ऐका हो ऐका. उद्या सकाळी धा वाजता शाळंच्या पटांगणात देवी काढणार हायती. मुजावर गुरुजींनी सांगिटल्यालं हाय. समद्यांनी आपापली…” पुढचं सगळं खरखरीत बुडालं. कर्णा दोनदा खोकला आणि गप झाला.

आवाज दौलूआण्णांचा होता. आण्णांचं वय ऐंशीच्या घरात. पूर्वी ते सरकारी दवाखान्यात शिपाई होते आणि निवृत्त झाल्यापासून गावाची दवंडी त्यांच्याकडे होती. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी, कुणाची शेळी हरवली, सगळं आण्णांच्या तोंडून यायचं. माइक आला तरी ते त्यात ओरडूनच बोलत, त्यामुळे निम्मे शब्द माइकच खाऊन टाकी.

मी बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिले. देवी काढणार? आमच्या शाळेत देवी एकच होती. पटांगणाच्या कोपऱ्यात जुन्या बोरीखाली शेंदूर फासलेला तांदळा, वर पत्र्याचं छप्पर, पुढे दोन पितळी घंटा. बोरजाई. शाळेच्या कितीतरी आधीपासूनची. परीक्षेच्या दिवशी पोरं तिला हात लावून वर्गात यायची, आणि मीही, कुणी बघत नाही असं पाहून, अधूनमधून लावायचे.

याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. आडसोळच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागून सव्वा वर्ष झालं होतं. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक इलाही मुजावर सर आणि मी. चार दिवस मी बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेले होते आणि त्या चार दिवसांत शाळेत काय ठरलं याचा मला पत्ता नव्हता. गुमान सकाळी शाळेत जाऊन विचारलं असतं तर हे सांगायची वेळ आली नसती. पण गुमान बसणं माझ्या स्वभावात नाही.

“ऐकलं का, बाई?” मागून मोटरसायकल येऊन थांबली. संग्राम. मी ज्यांच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचे त्या मालनकाकींचा मुलगा, आणि बोरजाई तरुण मंडळाचा अध्यक्ष. “तुमच्या शाळंतली देवी काढणार म्हणं.”

“ऐकलं. पण अर्थ लागत नाही.”

“अर्थ काय लागायचा? मागल्या साली भिंतीचं काढलंवतं तवाच मी वळकलं हुतं.”

भिंतीचं असं झालं होतं. शाळेला कुंपणाची भिंत मंजूर झाली, पण सरळ रेषेत बांधायची तर बोरजाईचं छप्पर दहा फूट आत सरकवावं लागणार होतं. सरांनी ग्रामसभेत तसं विचारलं. गाव नको म्हणालं. सर म्हणाले, “बरं, नको,” आणि भिंत देवीला वळसा घालून वाकडी बांधून घेतली. तालुक्याहून आलेला इंजिनीअर ती भिंत बघून हसला होता. आम्हाला वाटलं, विषय मिटला. विषय मिटला नव्हता, नुसता झोपला होता.

संग्रामच्या गाडीवरून घरी आले. मालनकाकी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“आई, उद्या देवी काढणार हायती.”

“ऐकलं की,” काकी म्हणाल्या. “काढू द्यात.”

संग्राम गाडी स्टँडला लावता लावता थांबला. “काढू द्यात?”

“मग काय? आमच्या येळंला बी काढल्याली.”

“तुमच्या येळंला काढली असती तर आज ती हितं बसली असती व्हय?”

“कोण बसली असती?”

“देवी.”

“काय बाबा तुजं बोलणं.” काकींनी टरफलं सुपात ढकलली. “सरकारचं काम. त्येला आडवून काय उपेग? दोन दिस हात सुजतो, कणकण येती. त्याच्यापल्याड काय न्हाई.”

“हात तर सुजणारच,” संग्राम म्हणाला. “जो काढंल त्याचा.”

काकींनी माझ्याकडे बघून मान हलवली. लेक मिशी फुटेपर्यंत वाढला पण अक्कल काही वाढली नाही, असं त्या मानेत होतं. मी मधे उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मला वाटलं, पूर्वीही कधीतरी कुणी देवी हलवायला गेलं असेल आणि हात लावणाऱ्याचा हात सुजला असेल. देवस्थानांच्या अशा कथा असतात. काकी इतक्या शांतपणे कशा बोलतात, एवढंच उमगेना. विचारायला तोंड उघडलं तर त्या सूप उचलून आत गेल्या होत्या.

“सरांना फोन लावा,” संग्राम म्हणाला.

मंडळाची आणखी चार-पाच पोरं तोवर अंगणात जमली होती. मी फोन लावला. संग्रामने हात पुढे करून स्पीकर चालू केला आणि मी त्याला अडवलं नाही.

“सर, मी खरमाटे. आत्ताच आले. उद्या दहा वाजता शाळेत काम आहे म्हणे?”

“हो हो. दवंडी झाली का? छान.” मागे वाऱ्याचा आणि गाड्यांचा आवाज. सर तालुक्याच्या गावी राहायचे, रोज अठरा किलोमीटर मोटरसायकलने यायचे-जायचे. रस्त्याकडेला थांबून बोलत असावेत.

“सर, ते नक्की आहे का?”

“नक्की म्हणजे? वरून आदेश आहे, बाई. तारीख ठरवून आलीय. आता मागे-पुढे व्हायचं नाही.”

“आणि लोकांनी विरोध केला तर?”

सर हसले. “दोन-चार जण आडवे येणारच. सगळीकडे येतात. आधी समजावून सांगू, नाहीच ऐकलं तर तालुक्याहून साहेब येतील. पण आपल्या गावात एकही सोडायचं नाही, असं मी सांगून बसलोय.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाचा तरी मोबाइल माझ्या मोबाइलच्या अगदी जवळ आला होता.

“आणि असं करा,” सर पुढे म्हणाले, “सकाळी लवकर जाऊन बोरीखालची जागा मोकळी करून घ्या. झाडून, पाणी मारून. तिथंच काम करायचंय, तिथं…”

फोन तुटला. पुन्हा लावला. लागला नाही. तिसऱ्यांदाही नाही.

“आता काय ऱ्हायलं?” संग्राम म्हणाला.

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. सव्वा वर्ष मी या माणसाच्या डब्यातली भाजी खाल्ली होती. मला खानेसुमारीचे रकाने त्यांनी शिकवले, पहिलीच्या पोरांना रडू न देता वर्गात कसं बसवायचं ते शिकवलं. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला ते सगळ्यात आधी आले. ते माझ्यासाठी नुसते ‘सर’ होते. त्या अंगणात, फोन तुटल्यावर, मला पहिल्यांदा त्यांचं आडनाव ऐकू आलं. मुजावर. आणि ते ऐकू आलं तशी सगळी वाक्यं एकमेकांत घट्ट बसली. वरून आदेश. एकही सोडायचं नाही. बोरीखालची जागा मोकळी करा. कुठेही फट राहिली नाही आणि मी फट शोधलीही नाही.

“बाई, ग्रुपवर तुम्ही लिवा,” संग्राम म्हणाला. “आम्ही लिवलं तर लोक म्हणत्यात टवाळ पोरं. तुमचं मानतील.”

“पण भांडण नको.”

“भांडण कशाला? जाणती माणसं येतील, बोलतील, इषय संपला.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. बाहेरगावची, एकटी, भाड्याच्या खोलीतली पोर, आणि गाव माझ्या शब्दाची वाट बघत होतं. मी ओट्यावर बसून पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. दोनदा वाचून दुरुस्त केलं. स्वल्पविराम जागच्या जागी टाकले.

‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी ठीक १० वाजता शाळेच्या पटांगणातील देवी काढण्यात येणार आहे. मुख्याध्यापक श्री. मुजावर सर यांनी या वृत्तास दुजोरा दिला आहे. कृपया सर्वांनी शांततेने उपस्थित राहावे.’

दिवेलागणीला तो निरोप आमच्या गावाच्या तीन ग्रुपांवर फिरून शेजारच्या दोन गावांतून माझ्याकडेच परत आला. खाली नाव नव्हतं, ‘शांततेने’ हा शब्द गळाला होता आणि वर तीन भगवे झेंडे लागले होते. बाकी शब्द न् शब्द माझा होता. सरांना पुन्हा फोन लावला तर बंद. घाबरले, पण घाबरून काय करायचं ते सुचेना. शेवटी मन घट्ट करून स्वतःला समजावलं की जाणती माणसं येतील.

सकाळी नऊला शाळेत गेले तर पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि गर्दी काही केल्या समजेना. बोरीच्या बाजूला पोरं, झेंडे, कपाळाला पट्ट्या, शेजारच्या गावांतून जीपगाड्या भरून आलेली अनोळखी तोंडं. आणि शाळेच्या पडवीत बायका. कडेवर बाळं, हाताला धरलेली लहान मुलं, पिशवीत पाण्याची बाटली, खाऊचा पुडा. एकीने तर दुपटंही आणलं होतं. मंडळाची पोरं घोषणा देत होती आणि बायका मुलांची नाकं पुसत होत्या. देवीच्या रक्षणाला तान्ही बाळं घेऊन आल्यात, अशी माझी समजूत झाली आणि माझ्या अंगावर काटा आला.

दौलूआण्णा खुर्ची टाकून मधोमध बसले होते, चेहऱ्यावर समाधान. “बाई, बगा दवंडीचा उपेग,” ते मला म्हणाले. “यवढी मानसं आमच्या येळंला बी येत नव्हती. तवा तर देवी काढणार म्हटलं की लोक रानात पळून जायचे.”

“का पळायचे, आण्णा?”

“भ्या वाटायचं. घरोघर जाऊन बाया-मानसं वढून आणायचो आमी.”

मला आण्णांच्या बुद्धीला उतार पडला असं वाटलं.

दहाला पाच कमी असताना सरांची मोटरसायकल फाटकातून आत आली. मागे उपकेंद्राच्या कांबळे सिस्टर, मांडीवर निळा डबा घट्ट धरून. सरांनी गर्दी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. ते मी या डोळ्यांनी बघितलंय. त्यांना वाटलं, गाव आलं.

“वा,” ते गाडी लावत म्हणाले, “एवढे सगळे आलात.”

संग्राम पुढे झाला. “गुरुजी, आम्ही काढू देणार न्हाई.”

“काय काढू देणार नाही?”

“तुमाला ठावं हाय काय ते.”

सर हसले, कालच्या फोनवर हसले होते तसेच. “अरे, सगळ्या राज्यात चाललंय. भ्यायचं काय त्यात? पाच मिनिटांचं काम.”

गर्दीतून एक आवाज आला, “पाच मिंटांचं म्हणतोय.”

“हात लावून दाखवा फक्त,” संग्राम म्हणाला.

“आता हात न लावता कसं करायचं?” सिस्टर गाडीवरून उतरता उतरता वैतागल्या. “धरावं लागतंच. हललं की सुई मोडते. आणि तुम्ही पुरुष मंडळी आधी बाजूला व्हा बघू, झाडाखाली टेबल टाकायचंय.”

“डब्यात काय हाय?” मागून कुणीतरी ओरडलं.

“डब्याला हात लावू नका,” सिस्टर ओरडल्या. “उघडला तर सगळं वाया जाईल.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी एवढ्यावर कुणीतरी हसलं असतं. त्या दिवशी शेजारच्या गावातल्या एकाने डबा ओढला. सर मधे आले. मी हात-दीड हातावर उभी होते. कुणी ढकललं ते मला सांगता येणार नाही, नंतर सगळेच म्हणाले की मी नाही. सर मोटरसायकलसकट खाली गेले. चष्मा निसटला आणि कुणाच्या तरी पायाखाली कचकन मोडला. डबा आपटून उघडला. आतून बर्फाच्या पांढऱ्या पिशव्या आणि बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या मातीत घरंगळल्या.

गर्दी बाटल्यांकडे बघत राहिली. छिन्नी नाही, हातोडा नाही. बाटल्या.

“हे काय हाय?” संग्रामने विचारलं. खरोखर विचारलं, धमकी नव्हती त्यात.

“गोवराची लस,” सर खालूनच म्हणाले. ते हाताने चाचपत चष्मा शोधत होते. “लस टोचायची आहे ना आज. मुलांना. दवंडी नाही ऐकलीत?”

“दवंडीत देवी काढणार म्हणून सांगितलं,” संग्राम म्हणाला.

“मग?” आण्णा खुर्चीवरून उठले. “दुसरं काय सांगणार? दंडावर टोचायचं म्हंजी देवीच काढायची. चाळीस वरसं ह्योच शबुद बोलतोय मी. देवी डॉक्टरबरूबर फिरलोय.”

आणि मग पडवीतून मालनकाकी आल्या. पोराला हाताने बाजूला सारलं, पदर सरकवला आणि चोळीची बाही खांद्यापर्यंत वर ओढली. दंडावर चपटे, गोल, रुपयाएवढे दोन वण होते.

“ह्या बघ,” त्या म्हणाल्या. “ह्या काढल्याल्या देव्या. तुज्या आजीला बी हायत्या, तिकडं त्या समद्या म्हाताऱ्यांस्नी हायत्या. देवीचा रोग येऊ नये म्हणून काढायचे. काल मी तुला काय सांगत हुते, मुडद्या?”

पडवीतल्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. चाळिशीच्या वरच्या सगळ्या गावाला काल संध्याकाळीच बरोबर कळलं होतं. पडवीतल्या बायका म्हणून तर पोरांना नटवून घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या खालच्या सगळ्या गावाला, माझ्यासकट, दुसरंच कळलं होतं. आणि एका घरात, एका ओट्यावर बसून दोन्हींचं बोलणंही झालं होतं.

पहिलं कोण हसलं आठवत नाही. पण एकाला हसू फुटलं आणि मग सगळं पटांगण हसायला लागलं. झेंडे धरलेले हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आण्णांना तर खोकल्याची उबळ आली. संग्रामने सरांना हात देऊन उठवलं आणि सरांच्या पाठीवरची माती झाडता झाडता तोही हसत होता. सरही हसले. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं.

मी हसले की नाही, मला आठवत नाही. हसले असणार. सगळे हसत होते.

मग संग्रामने आणि पोरांनी मातीतल्या बाटल्या एकेक वेचून दिल्या. सिस्टरनी शाबूत होत्या तेवढ्या बर्फात ठेवल्या, कमी पडल्या त्या फोन करून मागवून घेतल्या. बोरीखाली टेबल लागलं. सरांना चष्म्याशिवाय यादी वाचता येईना, म्हणून मी शेजारी बसून नावं वाचली. दुपारी दोनपर्यंत एकशे अडतीस मुलं झाली. एकही सुटलं नाही.

शेवटचं मूल गेल्यावर सर कोपराला कापूस धरून बसले होते. म्हणाले, “बाई, ग्रुपवरचं तुम्ही लिहिलंत ना?”

मी हो म्हणाले. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. आडसोळमध्ये ‘वृत्तास दुजोरा’ लिहिणारं दुसरं होतं कोण?

“सकाळी निघताना माझ्या मुलीनं दाखवलं. मला वाटलं, बाईंनी आण्णांची भाषा तशीच उचललीय. लस म्हणूनच वाचलं मी.” त्यांनी कोपरावरचा कापूस दाबला. “आत्ता परत वाचलं. शुद्धलेखन उत्तम आहे. आण्णा म्हणाले होते, पटांगणात देवी काढणार. तुम्ही लिहिलंत, पटांगणातील. तेवढं एक अक्षर जास्त पडलंय.”

“सर, मला वाटलं…”

“हो,” ते म्हणाले. “तेच म्हणतोय मी.”

मी माफी मागायला हवी होती. मी यादीची पानं जुळवत बसले.

सर ते वर्ष पूर्ण शिकवत राहिले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि आडसोळमधूनच निवृत्त व्हायचं असं ते मला नेहमी सांगायचे. मे महिन्यात त्यांनी स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली. कारण लिहिलं, प्रवास झेपत नाही. गावाने त्यांना मोठा निरोप दिला. संग्राम भाषण करताना रडला आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

त्यानंतरच्या चैत्रात, बोरजाईच्या जत्रेत, तिच्या छपरापुढे नवा फलक लागला. त्यावर तारीख होती आणि खाली लिहिलं होतं की या दिवशी ग्रामस्थांच्या जागरूकतेमुळे देवी हटवण्याचा डाव उधळला गेला. मी संग्रामला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “काय म्हंजी? डाव हुताच की. डब्यात छिन्न्या हुत्या, वरनं बाटल्या ठेवल्याल्या.” त्या बाटल्या त्याने स्वतःच्या हाताने वेचल्या होत्या. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

आणि त्याच जत्रेत मंडळाने मला मान दिला. पहिली ओटी पाटलांच्या घरची, दुसरी खरमाटे बाईंची. बाईंनी वेळेवर कळवलं म्हणून. मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. म्हणाले, “घ्या. देवीचा मान नाही म्हणू नये.” त्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मला दोन्हींपैकी एक तरी हवं होतं.

आता माझी बदली होऊन पाच वर्षं झाली. लग्न झालं, मुलगी आहे. तरी दर चैत्रात आडसोळहून फोन येतो, खण-नारळ घेऊन जीप येते आणि मी जाते. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल. आणि सांगायचं कुणाला? ते सगळे तिथे होते.

यंदा रांगेत मालनकाकी माझ्याशेजारी उभ्या होत्या. ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, “बाई, तुमी व्हता म्हणून देवी जाग्यावर ऱ्हायली.”

“काकी,” मी हळूच म्हणाले, “त्या दिवशी लस होती. तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत.”

“व्हय की,” काकी म्हणाल्या. “लस तर व्हतीच. मी कुटं न्हाई म्हंती?” त्या जराशा घुटमळल्या. “पर देवी बी काढणार हुते.”

“कोण काढणार होते, काकी?”

त्यांनी आठवून बघितलं. मनापासून बघितलं. “त्ये आपलं गुरुजी न्हवं का,” त्या म्हणाल्या. “लई चांगला मानूस हुता बिचारा.”

पुढे संग्रामची बायको उभी होती. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली, पदवीधर, डोळ्यांत हुशारी. ती ऐकत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, मला नेहमी विचारायचं असतं. तुम्ही तर तेव्हा शाळेतच होता. खरंच काढणार होते का हो?”

रांग थांबली होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मायेने. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तिने विश्वास ठेवला असता, असं मला अजून वाटतं.

“हो,” मी म्हणाले. आणि ओटी भरायला पुढे झाले.